‘एकच प्याला’ नववीच्या वर्गात: संघर्ष आणि ताण कसा शिकवावा

पहिल्या वर्षी मी ‘एकच प्याला’ शिकवलं, तेव्हा सगळ्या वह्यांमध्ये एकच उत्तर आलं: दारू वाईट असते. उत्तर खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी पाच अंकांचं नाटक कशाला वाचायचं? ते वाक्य तर गावात भिंतीवर रंगवलेलं आहे. मुलांनी नाटक वाचलंच नव्हतं, मी सांगितलेलं तात्पर्य वाचलं होतं.

त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, सिंधूचं माहेर एवढं पैशेवालं. मग ती लोकाचं दळण कामून दळायली?”

माझ्या टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती, आणि सबंध नाटक मात्र याच प्रश्नावर उभं आहे. तिथून मी शिकवण्याची रीत बदलली. बीड जिल्ह्यातल्या एका प्रशालेत गेली काही वर्षं मी नववीला, पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून, हे नाटक घेतो. आठ तास लागतात. कुणाला करून पाहायचं असेल तर तपशिलानं लिहितो.

वर्गात जाण्याआधी

नाटक स्वतः दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि दारूत बुडत जाणारा नायक सुधाकर, म्हणजे सिंधूचा नवरा, माघारी फिरू शकला असता अशा प्रत्येक जागी समासात रेघ मारा. याच रेघांवर पुढचे आठही तास चालतात.

मुलांना सांगायची माहिती थोडीच आहे. राम गणेश गडकरी 1885 साली जन्मले आणि 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले. त्यानंतर महिनाभरात, फेब्रुवारी 1919 मध्ये, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. लेखकानं आपलं नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही, हे ऐकून मुलं गप्प होतात. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकर गणपतराव बोडसांनी केला आणि सिंधू बालगंधर्वांनी. हे शेवटचं नाव पुढे उपयोगी पडतं. बाईचं काम करायला पोरं लाजतात, तेव्हा सांगायचं की सिंधूचं काम करणारा पहिला नट पुरुष होता आणि फाटकं-ठिगळाचं लुगडं नेसून तो उभा राहिला की थिएटर रडायचं.

त्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती, हेही सांगतो. नाटकातली कोर्टं, मुन्सफ हे सगळं इंग्रजी मुलखातलं. मुन्सफ म्हणजे खालच्या कोर्टातला न्यायाधीश आणि सनद म्हणजे वकिलीचा परवाना. सनद हा शब्द बऱ्याच मुलांनी आजोबांच्या तोंडून जमिनीच्या संदर्भात ऐकलेला असतो, म्हणून अर्थ फोडून सांगावा लागतो.

नाटकावरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे, त्यामुळे निवडक पानांच्या झेरॉक्स निःशंकपणे काढा. सगळं नाटक वाचून होत नाही. गडकऱ्यांची भाषा अलंकारांनी ओथंबलेली आहे आणि एकेक भाषण पानभर चालतं. शरद, भगीरथ आणि रामलाल यांचं उपकथानक नववीला सरळ सोडून द्या. ते चांगलंच आहे, पण त्यात शिरलं की मुलांच्या हातून मुख्य दोरा सुटतो. मी पाच जागा घेतो: पहिला प्याला, मद्यपींच्या मंडळाचा एक तुकडा, सिंधूचं दळण, दारू सोडण्याचा प्रयत्न आणि शेवट.

वेळही नीट निवडा. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निम्मा वर्ग आईबापाबरोबर कारखान्यावर जातो, नाहीतर हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं राहतो. दिवाळीनंतर नाटक काढलं तर ज्यांना ते सगळ्यात जास्त कळेल तीच मुलं वर्गात नसतात. मी जुलैच्या शेवटी सुरू करतो आणि पोळ्याच्या आत संपवतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुमच्या वर्गात सिंधूची मुलं बसलेली आहेत. किती, ते तुम्हाला माहीत नसेल, पण आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी नियम घालायचा: बोलायचं ते सुधाकर-सिंधूबद्दल, घरच्या-दारच्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही. “तुमच्या घरी कोण पितं?” हा प्रश्न शिक्षकानं कधीही विचारायचा नाही, हात वर करायला तर मुळीच सांगायचं नाही. ज्यांची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे त्यांना आधी एकटं गाठून सांगावं, “असं नाटक घेतोय. नको वाटलं तर ग्रंथालयात बसायची मुभा आहे, कारण विचारणार नाही.” आजवर फार थोडी मुलं उठून गेली. पण जाता येतं, हे माहीत असल्यामुळेच बाकीची बसू शकली असं मला वाटतं. फळ्याच्या कोपऱ्यात 1098 हा मुलांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आठही दिवस लिहिलेला असतो. त्यावर भाषण करत नाही. नुसता असतो.

पहिला तास: एक विहीर, दोन भाऊ

पुस्तक उघडायचं नाही. आधी भांडण आणि संघर्ष यांतला फरक अंगाला कळला पाहिजे.

दोन मुलांना पुढे बोलवा. विहीर एक, भाऊ दोन, लाईट रात्रीची. थोरल्याची मोसंबीची बाग आहे, आज पाणी चुकलं तर दहा वर्षांची झाडं वाळतील. धाकट्याचा हरभरा फुलोऱ्यात आहे, त्यावर पोरीची फी भरायची आहे. पाणी एकाच रानाला पुरेल एवढं. मोटर कुणी चालू करायची?

पहिल्या वेळी त्यांना मोकळं सोडा. आरडाओरडा होतो, कॉलर धरली जाते, वर्ग हसतो. अर्ध्या मिनिटात दोघांचंही बोलणं संपतं आणि तीच वाक्यं पुन्हा फिरायला लागतात.

दुसऱ्या वेळी दोन अटी घाला. आवाज चढवायचा नाही आणि ‘पाणी’ हा शब्द उच्चारायचा नाही. वेळ रात्री साडेअकराची, आई आत झोपलेली. आता पाहा. एका वर्षी थोरला झालेल्या मुलानं नुसतं विचारलं, “झोपला नाहीस व्हय?” धाकटा म्हणाला, “तुम्ही कुठं झोपलाव, दादा?” आणि दोघंही गप्प. वर्गात पान हललं नाही.

लगेच विचारायचं: पहिल्या वेळी हसलात, आता का नाही? उत्तरं मुलांकडूनच येऊ द्या. “दोघाचं बी खरं हाय.” “त्यांला भांडायचं नाही, पण भांडावं लागायलंय.” “आई उठली तर?” एवढ्यात सगळं आलं. दोन्ही बाजूंना खरं काहीतरी आहे, माघार घेतली तर मोठं नुकसान आहे, आणि मनातलं तोंडावर येत नाही. भांडणात ते बाहेर पडून जातं आणि माणूस मोकळा होतो. ताणात ते आत राहतं.

मग फळ्यावर तीन प्रश्न लिहा. हे तीन प्रश्न शेवटपर्यंत पुसायचे नाहीत:

याला काय हवंय?
याला काय सोडवत नाही?
आड कोण किंवा काय येतंय?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. मुलं पहिल्या आणि तिसऱ्याची उत्तरं झटकन देतात, ती गोष्टीतच असतात. शोकांतिका मात्र दुसऱ्या प्रश्नात दडलेली असते.

दुसरा तास: गोष्ट शेवटासकट सांगा

यावर सहकारी माझ्याशी वाद घालतात. शेवट आधीच सांगितला तर उत्सुकता राहील का? मी त्यांना कीर्तनाची आठवण देतो. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे मंडपातल्या शेवटच्या म्हातारीलाही माहीत असतं. तरी बुवा तिथवर आले की ती पदर डोळ्याला लावते. काय होणार हे ठाऊक असलं की माणूस ‘कसं झालं’ आणि ‘कुठं थांबता आलं असतं’ याकडं पाहायला लागतो. आपल्याला मुलांना नेमकं तेच पाहायला शिकवायचं आहे.

म्हणून दहा मिनिटांत गोष्ट सांगून टाका. सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. अपमान त्याला गिळवत नाही. दारुडा तळीराम त्याला एक प्याला घ्यायला लावतो, विसरण्यापुरता. एकाचे अनेक होतात. घर बसतं. सिंधू माहेरची मदत घेणार नाही असा शब्द नवऱ्याला देऊन बसते आणि लोकांचं दळण दळून बाळाला वाढवते. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, काम मागायला जातो, झिडकारला जातो, पुन्हा प्यायला लागतो. शेवटी नशेत त्याच्या हातून तान्हं मूल मरतं आणि सिंधू मरणाच्या दारात पोचते. ती पोलिसांसमोर नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. तोही जगत नाही.

गोष्ट संपली की प्रश्न विचारू नका. एक मिनिट जाऊ द्या. मग तीन प्रश्नांचा तक्ता सुधाकर, सिंधू आणि सिंधूचा भाऊ पद्माकर यांच्यासाठी कोरा आखा आणि म्हणा, “हा आठव्या तासाला भरू.” उरलेल्या वेळात मुलं झेरॉक्स चाळतात आणि अवघड शब्दांखाली रेघा मारतात.

तिसरा तास: पहिला प्याला

इथं लागतं एक जुनं लुगडं. ताण दाखवायला दोर वापरतात हे मी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं. आपल्या भागात दोर वापरू नये. काही घरांत दोराची आठवण फार वेगळी असते आणि कोणत्या घरात, ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. लुगडं मऊ असतं, लांब असतं, सगळ्यांच्या घरात असतं, आणि सिंधूचंही होतंच.

लुगड्याचा पीळ करा. एक टोक एका मुलाकडं, तो सुधाकरचा अभिमान. दुसरं टोक दुसऱ्याकडं, ती त्याची माणसं: सिंधू, बाळ, मित्र रामलाल. मधोमध रंगीत रुमाल बांधा, तो सुधाकर. पुढे दोन मुलं सुधाकर आणि तळीराम यांचं संभाषण वाचतात. बाकीचा वर्ग ऐकतो आणि हातानं खूण करतो, कोणत्या बाजूनं ओढायचं किंवा सैल सोडायचं. एक मुलगी फळ्यावर प्रत्येक खुणेला रेघ वर-खाली काढत जाते. तास संपेपर्यंत फळ्यावर डोंगराची रांग उभी राहते.

आधी मूळ भाषेत वाचून घ्या, अडखळत का होईना. मग म्हणा, आता आपल्या बोलीत करा. सुधाकर आपल्या तालुक्याच्या कोर्टातून आलाय. बोलीत आलं की अर्थाचा पडदा सरकतो. एकदा तळीराम झालेल्या पोरानं पेला पुढे करत म्हटलं, “वकीलसाब, इसरायला नको का?” सगळा डाव त्यानं एका वाक्यात मांडला. तळीराम ‘प्या’ म्हणत नाही. तो सुधाकरच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो आणि औषध म्हणून प्याला देतो. यानंतर मूळ वाक्यांकडं परत गेलं की तीच भाषा मुलांना जड वाटत नाही.

आता तुमच्या पेन्सिलीच्या रेघा कामाला येतात. वाचन पुन्हा घ्या आणि ‘थांब’ची पाळी ठेवा. परत फिरता येण्यासारखी जागा आली की कुणीही “थांब” म्हणायचं. वाचणारे गोठतात. म्हणणाऱ्यानं सांगायचं: इथं तो काय करू शकला असता? आणि का करत नाही? ‘का करत नाही’ याचं उत्तर दिल्याशिवाय वाचन पुढे सरकत नाही.

याच खेळात एका वर्षी एका मुलानं सांगितलं, “सर, त्याला दारू नको हाय. त्याला घरी तोंड दाखवायचं नाही.” त्या दिवसापासून मी या नाटकाला दारूचं नाटक म्हणत नाही. सुधाकरचा शत्रू प्याल्यात शिरण्याआधी त्याच्या मानीपणात बसलेला आहे. तो मानीपणाच त्याचा मोठेपणाही होता, त्याच बळावर तो वर आला होता. गुण आणि घात एकाच मुळातून फुटतात, हे मुलांना एवढ्या सोप्या शब्दांत सांगून थांबायचं. ग्रीक शब्द नववीला नकोत.

हसणाऱ्या वर्गाचं काय करायचं

तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आलं की पोरं झिंगल्याची नक्कल करतात. वर्ग खिदळतो. पहिल्या वर्षी मी रागावलो होतो, ती माझी चूक होती. गडकऱ्यांनी ते प्रवेश हसण्यासाठीच लिहिलेत. मद्यपींच्या सभेतले ठराव आणि त्यांचे तर्क ऐकून प्रेक्षक पोट धरून हसत आले आहेत.

हसू द्या, पण हसण्याची नोंद करायला लावा. मुलांनी झेरॉक्सच्या समासात हसू आलं तिथं फुली मारायची. सगळं वाचून झालं की विचारायचं, शेवटची फुली कुठं आहे? तिथून पुढे का नाही? मुलं पानं उलटतात आणि त्यांना दिसतं की ज्या गोष्टीवर आधी हसलो तीच पुढे सिंधूच्या घरात आली तेव्हा हसता आलं नाही. प्याला तोच, नशा तीच. मध्ये फक्त जातं आणि पाळणा आला. हसू जितकं मोकळं, तितका पुढचा ताण खोल जातो, कारण आपणही त्या मंडळात घटकाभर बसून आलेलो असतो.

नक्कल मात्र एका मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नका. वर्गात कुणीतरी हसत नसतं. त्याच्याकडं बघू नका, पण लक्षात ठेवा.

चौथा आणि पाचवा तास: सिंधू

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. घाई करायची असेल तर दुसरीकडं करा.

शक्य असेल तर वर्गात जातं आणा. आमच्या गावात अजून चार-दोन घरांत आहे. नाही मिळालं तर पाटा-वरवंटा किंवा नुसतं ज्वारीचं सूप चालेल. एकदा एका विद्यार्थ्याची आजी स्वतः आली, खाली बसली, खुंटा धरला आणि दोन ओव्या म्हणाली. भावाच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या ओव्यांत बंधुराया सारखा येतो: त्याची वाट पाहिलेली असते, त्याच्या घोड्याचं कौतुक असतं, त्याच्या चोळीची आस असते. मराठवाड्यातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या जात्यावर बसून माहेर गायलंय. आणि सिंधू जात्यावर बसून माहेरच नाकारते. आजी गेल्यावर एवढं एकच वाक्य मी बोललो. मुलींना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

आता लुगडं पुन्हा घ्या, पण या वेळी तिसरा पदरही बांधा. तीन मुलं तीन टोकं धरतात: नवऱ्याला दिलेला शब्द, बाळाची भूक, भावाची माया. मधला रुमाल आता सिंधू. प्रवेश वाचताना तिघांनीही ओढायचं, कुणीच सोडायचं नाही. तिघांनी सारखं ओढलं की रुमाल जागचा हलत नाही, नुसता थरथरतो. मुलांना तो थरथरताना दाखवा आणि म्हणा, सिंधू गप्प दिसते तेव्हा अशी आहे. सुधाकरचा रुमाल इकडून तिकडं जात होता म्हणून त्याचा संघर्ष डोळ्यांना दिसतो. सिंधूचा दिसत नाही, म्हणून ती दुबळी आहे असं मुलं लिहितात. या एका कृतीनंतर तसं कुणी लिहिलेलं नाही.

पद्माकरला खलनायक करू नका. बहिणीवर त्याचा जीव आहे, त्याचा राग रास्त आहे, आणि तरी तो जितका जोरानं तिला सोडवायला जातो तितकी ती घट्ट होत जाते. दोन्हीकडं माया असून माणसं एकमेकांना जखमा करतात, हे मुलांना घरच्या अनुभवातून चांगलं कळतं. फक्त त्याला नाव द्यायचं असतं.

वर्ग चिडतोच, मुली जास्त. “तिनं सोडून जायाचं होतं की!” हा राग दाबू नका. सिंधूला देवी करून ठेवलं की नाटक तिथंच मरतं. आणि “तो काळ वेगळा होता” म्हणून प्रश्न टोलवूही नका. मी फळ्याचे दोन भाग करतो. एकीकडं 1919: तिच्यापुढे कोणत्या वाटा होत्या? शिक्षण, कमाई, कायदा, समाज, माहेर. दुसरीकडं आज. आजच्या बाजूला मुलं पोलीस, बचतगट, नोकरी असं लिहितात. मी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि 181 हा महिलांचा मदत क्रमांक लिहितो. मग विचारतो, आजच्या बाजूच्या किती वाटा आपल्या गावातल्या बाईला खरोखर मोकळ्या आहेत? यावर जी शांतता होते ती भरून काढायची घाई करायची नाही.

पाचव्या तासाच्या शेवटी ‘चंद्र चवथिचा’ ऐकवा. मोबाइलवर लावलं तरी चालतं, फक्त आधी लाईट आहे का बघा, नाहीतर स्पीकरऐवजी मोबाइल पत्र्याच्या डब्यात ठेवून आवाज मोठा करा. अंगाईचं गाणं आहे. पुढे काय होणार हे मुलांना माहीत आहे आणि आई बाळाला चाफ्याच्या बागेचं गाणं म्हणते. अर्थ सांगू नका.

सहावा तास: आशा

शपथ घेऊन सुधाकर माणसात येतो, तो भाग छोटा वाटतो म्हणून शिक्षक गाळतात. गाळू नका. लुगडं पूर्ण सैल सोडायला लावा, पार जमिनीला टेकू द्या. वर्गाला हायसं वाटतं. मग तो काम मागायला जातो आणि लोक त्याला ओळख दाखवत नाहीत. सैल सुटलेलं लुगडं झटक्यानं ताणलं की आवाज होतो, तो आवाज मुलं विसरत नाहीत. सतत ताणलेल्या गोष्टीची माणसाला सवय होते. मध्ये सैल पडली तरच पुढची ओढ जाणवते. फळ्यावरच्या डोंगररांगेत दरी का हवी, ते इथं कळतं.

दारू का सुटत नाही हे सुधाकर रामलालला सांगतो, ते मोठं भाषण मी स्वतः वाचतो. आठ-दहा वाक्यंच घेतो. ते मुलांना वाचायला देऊ नका.

सातवा तास: शेवट

मारण्याचा प्रसंग करून दाखवायचा नाही. काठी वर्गात आणायची नाही. शिक्षकानं तो सपाट आवाजात, अभिनय न करता वाचावा.

करून पाहायचं ते नंतरचं: पोलीस विचारतात आणि सिंधू उत्तर देते. एक मुलगा उभा, एक मुलगी बसलेली. प्रश्न, मग मनात पाच आकडे मोजायचे, मग उत्तर. त्या पाच आकड्यांत सगळा वर्ग मनातल्या मनात तिला सांगत असतो, खरं बोल. ती बोलत नाही. बाहेरून पाहिलं तर प्रवेशात काहीच घडलेलं नसतं, आणि नाटकातला सगळ्यात मोठा ताण तिथं आहे.

सुधाकरच्या मृत्यूबद्दल स्पष्ट राहा. तो विष घेतो, एवढं सांगून पुढे जायचं. त्याला प्रायश्चित्त म्हणू नका, धाडस म्हणू नका, “सुटला” असं तर चुकूनही नको. आपल्या घरांत फवारणीच्या बाटल्या हाताच्या अंतरावर असतात. उलट विचारा: त्याच्या जगण्याची शेवटची वाट कोणती होती, आणि तिथं त्याच्याबरोबर कोण उभं राहायला हवं होतं? त्या दिवशी फळ्यावर 1098 च्या खाली 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबरही लिहितो. तास संपला तरी खोलीतून लगेच निघू नका. खुर्चीत बसून हजेरीपट भरत राहा. कुणाला तुमच्याशी बोलायचं असेल तर ते तेव्हाच रेंगाळतं.

आठवा तास: लिहिणं

‘सुधाकरचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न गाईडमधून उतरवला जातो. मी दोनच पर्याय देतो. एक: नाटकातलं कुणीतरी दारासमोर उभं आहे आणि कडी वाजवायची की नाही हे ठरत नाही, त्या अर्ध्या मिनिटाबद्दल अर्धं पान लिहा. पद्माकर बहिणीच्या दारात, सुधाकर शपथ मोडून घराच्या दारात, कुणीही. दोन: दोन माणसांचा दहा ओळींचा संवाद लिहा, ज्यात खरा विषय एकदाही उच्चारला जाणार नाही. पहिल्या तासाची विहीर आठवा म्हणायचं.

तपासताना शुद्धलेखन दुसऱ्या फेरीला. पहिल्या फेरीत तीनच गोष्टी पाहा: दोन्ही बाजूंना खरं काही आहे का, माघार घेतल्यावर काय जाईल ते कळतं का, आणि न बोललेलं काही जाणवतं का. बोलीत लिहिलं तर गुण कापू नका. शेवटची दहा मिनिटं कोऱ्या तक्त्यासाठी ठेवा. सिंधूच्या दुसऱ्या रकान्यात, ‘काय सोडवत नाही’ इथं, दर वर्षी वाद होतो. कुणी ‘नवरा’ लिहितं, कुणी ‘शब्द’. एका मुलीनं खडू घेऊन ‘तिचा स्वतःचा मान’ असं लिहिलं आणि जाऊन बसली. सुधाकरच्या रकान्यातही तेच लिहिलेलं होतं. दोघांच्या रकान्यांत एकच शब्द आहे, हे वर्गानं तेव्हा पाहिलं.

ज्यांना दिवाळीत जायचंय त्यांच्या वह्या आधी तपासून हातात द्या, आणि झेरॉक्सची पानं परत मागू नका. उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत, ती पुन्हा वाचली जातात. मागच्या फेब्रुवारीत एका मुलाचा फोन आला होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. म्हणाला, “सर, ती पानं आईला वाचून दाखवली. आई म्हणती, रामलाल आधीच का नाही आला?” मी अजून त्या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना काढलेला नाही. यंदा काढणार आहे.